भट्टीवरची दुर्बीण

दिवाळीचा फराळ डब्यांच्या तळाला जातो, उसाच्या ट्रॉल्या रस्त्यात आडव्या यायला लागतात आणि एखाद्या सकाळी चिखलीच्या रस्त्यानं जाताना नदीकाठच्या मळ्यांतून धूर वर चढताना दिसतो. विटांच्या भट्ट्या लागल्या. आमच्याकडे थंडी अशी येते. एका बाजूनं गुऱ्हाळाच्या काहिलीचा गोड वास, दुसऱ्या बाजूनं भट्टीतल्या भुश्श्याचा कडवट वास, आणि मध्ये गाडीच्या काचेवर बसणारी बारीक तांबडी धूळ. मला या दोन्ही वासांच्या खालून आणखी एक वास येतो. उन्हात तापलेल्या गाढवांच्या अंगाचा. वाळलेलं गवत, घाम आणि माती एकत्र केल्यासारखा. तो आला की मी गाडीची काच खाली करते. शेजारी कोणी बसलेलं असेल तर ते नाकाला रुमाल लावतं. मी लावत नाही.

मी जनावरांची डॉक्टर. हा दुधाचा जिल्हा, त्यामुळे माझं बहुतेक आयुष्य म्हशींच्या मागं-पुढं गेलं. गाढव माझ्याकडे येतं ते याच दिवसांत, आणि येतं म्हणजे त्याला कोणी आणत नाही, मीच जाते. गाय हंबरते, कुत्रं केकाटतं, घोड्याला पोटदुखी झाली तर तो लोळून सगळं गाव गोळा करतो. गाढव उभं राहतं. कान थोडे मागं, डोळे अर्धे मिटलेले, बस. दुखणं पार हाताबाहेर जाईपर्यंत त्याच्या तोंडावर काही दिसत नाही. शिकत असताना आम्हाला हे कोणी फारसं सांगितलं नव्हतं. मला ते लाडीनं शिकवलं.

लाडी ही बाळाप्पा आणि शेवंता यांची गाढवीण. राखाडी रंग, पाठीवर काळ्या पट्ट्यांचा क्रूस, आणि एका कानाचं टोक कधीतरी फाटलेलं. नवराबायको दोघं सीमेकडच्या, कर्नाटकाला लागून असलेल्या गावचे. पाऊस संपला की गाढवं घेऊन भट्टीवर यायचे, उन्हाळा संपता परत जायचे. थापलेल्या कच्च्या विटा वाळल्या की त्या गाढवांच्या पाठीवरून भट्टीपर्यंत न्यायच्या, हे त्यांचं काम. शेवंता विटा भरायची, बाळाप्पा गाढवं हाकायचा. मला ती 'बाई' म्हणायची, तो 'डाक्टरबाई' म्हणायचा.

त्या वर्षी मी धनुर्वाताची इंजेक्शनं द्यायला भट्टीवर गेले होते. सगळी गाढवं झाली, आणि बाळाप्पा माझ्या पेटीजवळ घुटमळत राहिला.

"डाक्टरबाई, लाडीला जरा बगा की. सारखी शेपूट उचलत्या, वाकत्या, आन् नुसतं थेंब-थेंब पडतंय. लोकं म्हनत्यात माजावर आलीया."

"किती दिवस झाले?"

"पावसात याली. पिल्लू जगलं न्हाय. तवापासनं असंच चाललंय."

मी लाडीच्या मागं जाऊन उभी राहिले. मागच्या पायांच्या आतल्या बाजूचे केस गळून कातडी लाल, सोलवटलेली झाली होती. लघवी सारखी ओघळत राहिली की असं होतं. थोड्या वेळानं ती वाकली, पाय फाकवले, कण्हल्यासारखा एक श्वास सोडला आणि जमिनीवर दोन-चार थेंब पडले. शेवटचा थेंब गुलाबी होता. मग तिनं मागचा पाय एकदाच आपटला आणि पुन्हा तशीच उभी राहिली, जणू काही झालंच नाही.

भट्टीचा मालक खुर्ची टाकून बसला होता. तो म्हणाला, "मॅडम, कशाला वेळ घालवताय? विकून टाक म्हणतोय मी ह्याला. बाजारात नवीन मिळती."

शेवंता विटा रचता रचता म्हणाली, "न्हाय इकायची." एवढंच म्हणाली आणि पुढची वीट उचलली.

मी लघवीचा नमुना घेतला. गाढवाची लघवी मुळातच गढूळ असते, पातळ ताकासारखी, त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी फार कळत नाही. प्रयोगशाळेतून उत्तर आलं: रक्त आहे, पू आहे, जंतू आहेत. पण हे सगळं कशामुळे? मूत्राशयात खडा असेल, गाठ असेल, किंवा व्यायल्यानंतर शिरलेल्या जंतूंनी नुसतीच आतली कातडी सुजवली असेल. तिन्ही दुखणी बाहेरून सारखीच दिसतात आणि तिन्हींचे उपाय वेगळे. म्हशीला मी आतून हात घालून तपासते. लाडी एवढीशी, तिला तसं तपासणं म्हणजे तिच्या दुखण्यात भर घालणं. औषध देऊन बघता आलं असतं. पण खडा असता तर औषधानं चार दिवस बरं वाटून ती पुन्हा खालावली असती, आणि मग बाळाप्पाला बाजाराच्या वाटेनं जाण्यावाचून काही उरलं नसतं. आत बघायलाच हवं होतं. आणि आत बघायचं तर दुर्बीण हवी.

तेव्हा मला विश्वासमामा आठवले.

मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ, राजारामपुरीतले पोटाचे डॉक्टर. माणसांच्या घशातून लवचिक नळीची दुर्बीण आत घालून पोटातले व्रण शोधण्यात त्यांची हयात गेली. त्याआधीच्या वर्षी मामी गेल्या आणि मामांनी दवाखाना बंद केला. टीव्ही लावून, त्याचा आवाज बंद करून ते समोर बसलेले असायचे. कोणी भेटायला गेलं की सगळ्या प्रश्नांना 'हो' म्हणायचे. चहा घेतला? हो. फिरायला जाता? हो. आम्ही बरं म्हणून परत यायचो.

मी त्यांच्याकडे जाऊन म्हटलं, "मामा, तुमची ती पहिली, डोळा लावून बघायची दुर्बीण अजून आहे का? मला एका गाढविणीचं मूत्राशय बघायचंय."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मग टीव्ही बंद केला. किती दिवसांनी कोण जाणे.

"गाढविणीचं?"

"हो."

"मादी आहे ते बरंय. मूत्रमार्ग आखूड असेल. नराला आपली नळी पुरली नसती." ते उठले आणि कपाटावरची पेटी खाली काढायला लागले. धूळ झटकता झटकता म्हणाले, "एकदा तिच्या आत गेली की ही परत माणसाला चालायची नाही, कळलं का? पण आता माणसांना कोण बघतंय. मी येणार हं. नळी कशी वळवायची ते तुला जमायचं नाही."

ती सकाळ मला अजून स्पष्ट आठवते. भट्टीच्या बाजूला करंजाचं एक झाड होतं, त्याच्या सावलीत आम्ही लाडीला उभं केलं. मालकाच्या खोलीतून वायर ओढून दुर्बिणीच्या दिव्याला वीज घेतली. मामा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. औषधाच्या पाण्यात बुडवून ठेवलेली नळी ते निर्जंतुक पाण्यानं पुन्हा पुन्हा धुवून घेत होते आणि भोवतीनं जमलेली माणसं बघत होती. मी लाडीच्या मानेच्या शिरेत गुंगीचं इंजेक्शन दिलं. हळूहळू तिची मान खाली आली, खालचा ओठ लोंबायला लागला. शेपटीला पट्टी गुंडाळून ती बाजूला बांधली, मागची जागा कोमट पाण्यानं धुतली. बाळाप्पानं तिचं डोकं छातीशी धरलं होतं. तो तिच्या कानात कानडीत काहीतरी पुटपुटत होता. मला त्यातला एकच शब्द कळत होता, 'अव्वा'. आई.

आधी रबरी नळी घालून आतली लघवी काढून घेतली. मग मी दुर्बीण आत सरकवली. मामा माझ्या खांद्यामागून सांगत होते, "सावकाश. ढकलू नको. तिनं वाट दिली की जा." थोडासा अंधार, मग ओलसर गुलाबी वाट, आणि मग एकदम जागा मोकळी झाली. थोडी हवा भरल्यावर चुरगळलेल्या पिशवीसारखं मूत्राशय उलगडलं.

निरोगी मूत्राशय आतून शिंपल्यासारखं असतं. फिकट, चकचकीत, त्यावर बारीक शिरांची जाळी. लाडीचं तसं नव्हतं. सगळीकडे लाली होती, खूप रडून चोळलेल्या डोळ्यासारखी. काही ठिकाणी कातडी सुजून जाड झाली होती, काही ठिकाणी खरचटल्यासारखे रक्ताळलेले चट्टे. उरलेल्या लघवीत पांढरे कण तरंगत होते आणि तळाशी चिखलासारखा गाळ बसला होता. मी चारही बाजू फिरून बघितल्या. खडा नव्हता. गाठ नव्हती.

"मामा, नुसती सूज आहे. बघा."

त्यांनी डोळा लावला. बराच वेळ बघत राहिले. नळीचं टोक त्यांनी किंचित वर वळवलं आणि लहान मुलासारखे ओरडले, "आली! बघ, बघ, डावीकडून आली!"

मूत्रपिंडांकडून येणाऱ्या दोन वाटांची तोंडं वरच्या बाजूला असतात, डोळ्यांच्या बारीक फटींसारखी. मधूनच एक फट उघडते आणि लघवीची चिळकांडी आत येते. थोड्या वेळानं दुसरी. दोन्ही वाटा चालू होत्या. म्हणजे वरचं सगळं शाबूत होतं. लाडी बरी होण्यासारखी होती. मी मान वर केली तेव्हा मामांचे डोळे पाण्यानं भरलेले होते. ते धुरानं, असं ते म्हणाले. त्या दिवशी वारा उलट्या दिशेला होता.

"मला बगू दे की," शेवंता म्हणाली.

मी तिला जागा दिली. तिनं पदरानं तोंड पुसलं, एक डोळा मिटला आणि दुसरा नळीला लावला. भोवतीची माणसं हसत होती, काय दिसतंय गं, काय दिसतंय. तिनं इतका वेळ बघितलं की बाळाप्पानं लाडीच्या डोक्याआडून विचारलं, "काय झालंय?"

"लाल हाय," ती म्हणाली. "समदी लाल हाय."

मग आम्ही कोमट सलाइननं मूत्राशय धुतलं. गाळ बाहेर येत राहिला, आधी मातीसारखा, मग ताकासारखा, मग पाणी निवळ यायला लागलं. मी बाळाप्पाला समजावून सांगितलं. व्यायच्या वेळी जंतू आत शिरले असतील. पण ते तिथं राहिले, कारण लाडी दिवसभर पुरेसं पाणी पीत नव्हती. ओझं घेऊन रांगेत चालताना तिला थांबून मोकळं होता येत नव्हतं. मागून हाक यायची, काठी लागायची. लघवी आत तुंबून राहिली, गाळ साठला, कातडी जळत राहिली. आता औषध, पूर्ण विश्रांती आणि पाणी. हवं तेव्हा, हवं तेवढं पाणी.

मी हात धुवायला मागं पिंपाशी गेले. शेवंता माझ्या हातावर पाणी घालायला आली. तांब्या रिकामा झाला तरी ती तिथंच उभी होती.

"बाई, बाईमानसाची मुताची पिशवी बी आशीच लाल व्हती का?"

मी तिच्याकडे पाहिलं. ती तांब्याच्या काठाकडे बघत होती.

"तुला त्रास होतोय?"

"आग व्हती. हितं आल्यापासनं. कवा कवा रगत बी येतंय." तिचा आवाज अगदी खाली गेला होता. "हितं आडोसा कुटं हाय? समदं रान मोकळं. फाटंचं जायाचं, मग अंधार पडल्यावर. मदी जायाला लागू नये म्हनून पानी पीत न्हाय. समद्याच बाया तसंच करत्यात."

मी भोवती नजर टाकली. इतकी वर्षं मी या भट्ट्यांवर येत होते. सपाट मळा, विटांच्या रांगा, दूरवर नदी. ते करंजाचं झाड सोडलं तर आडोशाला एक झुडूप नव्हतं. ती म्हणत होती ते डोळ्यांसमोर होतं.

"शेवंता, अगं, मी जनावरांची डॉक्टर."

"म्हनून तर तुमास्नी सांगितलं," ती म्हणाली. "मानसांचा डाक्टर इचारतोय, बोलाय लावतोय. चारचौघांत काय सांगू? लाडीला तुमी कायबी न इचारता बगितलंसा."

मी ओल्या हातानंच तिचा हात धरला. तिच्या अंगात कणकण होती.

मामांना मी गाडीपाशी बाजूला घेऊन सांगितलं. ते माणसांचे डॉक्टर, पण ते एका शब्दानं तिच्याशी बोलले नाहीत, तिच्याकडे पाहिलंही नाही. आयुष्यभर माणसं तपासलेल्या माणसाला कधी बघायचं नाही, तेही कळतं. त्यांनी फोन काढून ओळखीच्या एका डॉक्टरीणबाईंशी बोलून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः गाडी घेऊन भट्टीवर आले आणि म्हणाले, "चला शेवंताबाई, लाडीच्या औषधाला जाऊ." तसं सगळ्यांसमोर म्हणाले. ती हातपाय धुवून, ठेवणीतलं लुगडं नेसून पुढच्या सीटवर बसली.

तिला चांगलाच संसर्ग झाला होता. आणखी थोडे दिवस अंगावर काढलं असतं तर मूत्रपिंडापर्यंत गेला असता, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. गोळ्या दिल्या आणि लाडीसाठी मी जे सांगितलं होतं जवळजवळ तेच सांगितलं. विश्रांती. पाणी. दाबून धरायचं नाही.

बाळाप्पाला संध्याकाळी कळलं. शेवंतानंच सांगितलं असावं. मी लाडीचं इंजेक्शन द्यायला गेले तेव्हा तो विटांच्या थप्पीला टेकून बसला होता. म्हणाला, "डाक्टरबाई, लाडी पाय आपटत व्हती म्हनून मला कळलं. हिनं कवा पायच आपटला न्हाय."

बोलून तो उठला, लाडीजवळ गेला. तो लाडीची आयाळ बोटांनी विंचरत राहिला.

मालकाशी बोलायचं मी ठरवलं होतं. काय बोलायचं ते गाडीत मनाशी जुळवूनही ठेवलं होतं. पण माझ्याआधी शेवंताच त्याच्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली. "मालक, मागच्या बाजूला आडोसा पायजे. बायास्नी."

"अगं, जागा भाड्याची हाय. मालकीची हाय व्हय माझी?"

"आमी काय तिथं ऱ्हायाला मागतोय का? आडोसा मागतोय."

तिच्यामागं एकेक करून बाकीच्या बायका येऊन उभ्या राहिल्या. हातांना माती, डोक्यावर चुंबळी. मालकानं बायकांकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग जमिनीकडे. शेवटी म्हणाला, "त्या जळक्या विटा पडल्यात बगा तिकडं. घ्या तसल्या."

जास्त भाजून वेड्यावाकड्या झालेल्या विटा कोणी विकत घेत नाही. त्या विटांची भिंत बाळाप्पानं उभी केली. वर पत्रा घातला, दाराला पोत्याचा पडदा. एरवी विटा वाहून नेणारा माणूस स्वतः वीट रचत होता आणि शेवंता त्याला भिंत वाकडी चालल्याचं ओरडून सांगत होती.

लाडी सावकाश बरी झाली. मामा आठवड्यातून एकदा माझ्याबरोबर तिचं मूत्राशय धुवायला यायचे. एकदा शेवंतानं त्यांना विचारलं, "दादा, वयनी गेल्यापास्नं तुमी जेवतायसा का नीट?" मामा म्हणाले, "हो." ती त्यांच्याकडे नुसती बघत राहिली. तिला आता बघायची सवय झाली होती. मामा जरा वेळानं म्हणाले, "नाही." तिनं तव्यावरची भाकरी काढून त्यांच्यापुढे ठेवली, वर मिरचीचा खर्डा. मामांनी ती सगळी खाल्ली. माझ्या इतक्या फेऱ्यांत जे झालं नव्हतं ते झालं. मला हेवा वाटला की आनंद झाला, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

थंडी सरता सरता आम्ही पुन्हा एकदा आत बघितलं. लाली उतरली होती. शिंपल्यासारखी फिकट कातडी, बारीक शिरा, जिथं चट्टे होते तिथं थोडे पांढुरके डाग. काही दिवसांनी लाडी हलकं ओझं घेऊन रांगेत चालायला लागली. मी तिथं होते तेव्हाच ती अचानक मध्येच थांबली. मागची सगळी गाढवं थांबली. लाडीनं पाय फाकवले, शेपूट उचलली, आणि तांब्या उपडा करावा तशी धार जमिनीवर पडली. सरळ, मोकळी, न संपणारी. बाळाप्पा काठी बगलेत धरून उभा होता. कोणी हाकारलं नाही. भरणाऱ्या बायका हातातल्या विटा तशाच धरून बघत होत्या. धार थांबली, लाडीनं अंग झटकलं आणि चालायला लागली. तेव्हा मामांनी टाळ्या वाजवल्या.

आता मामांचं वय झालंय. भट्टीवर फार येत नाहीत, पण हंगाम लागला की विचारतात. ती दुर्बीण माझ्याकडे आहे. तिच्यातून मी नंतर कितीतरी गाढविणी बघितल्या. काहींत खडे सापडले, एकीत गाठ, आणि तिला वाचवता आलं नाही. तिचा मालक झाडाखाली बसून रडला तेव्हा मीही त्याच्या शेजारी बसले. सगळं बघून बरं होतं असं नाही. पण बघितलं नसतं तर कशानं गेली तेही कळलं नसतं, असं तो मला नंतर म्हणाला.

परवा या हंगामातली पहिली फेरी होती. भट्टीवर एक नवीन लग्न झालेली मुलगी आली होती, आजऱ्याकडची. हातातला हिरवा चुडा अजून नवा होता. विटा भरता भरता ती सारखी इकडंतिकडं बघत होती, पाय जवळ घेत होती. मी इंजेक्शन भरत होते. शेवंतानं हातातली वीट खाली ठेवली, तिच्याजवळ गेली आणि काही न विचारता तिला हाताला धरून मागच्या बाजूला घेऊन गेली. परत येताना दोघी पिंपाशी थांबल्या. शेवंतानं तांब्या भरून तिच्या हातात दिला.

"पी. समदं पी. आन् लागलं की जायाचं. दाबून धरायचं न्हाय."

मुलगी हळूच म्हणाली, "मुकादम काय म्हनला तर?"

"माझं नाव सांग," शेवंता म्हणाली.